पाण्यात ठेवलेले देव

लखनौला मी या जानेवारीत तिसऱ्यांदा गेलो आणि ताईच्या घरी पहिल्यांदा. आधीच्या दोन्ही खेपांना काम आटोपून हॉटेलातूनच परतलो होतो. एकदा तर विमानतळाच्या आत शिरल्यावर तिला फोन केला. "अगं, येऊन गेलो, वेळच मिळाला नाही." ती म्हणाली, "असू दे रे, कामाचा माणूस तू." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

याही वेळी मी ताईसाठी निघालो नव्हतो. पुण्याच्या आमच्या कंपनीची दोन यंत्रं आलमबागकडच्या एका कारखान्यात बसवायची होती आणि ती नीट चालतात की नाही हे पाहायला माझं तिथं असणं भाग होतं. माझ्या बायकोने फोनवर ताईला हे सांगून टाकलं आणि निघायच्या आदल्या दिवशी भाऊजींचा फोन आला. बाथरूममध्ये घसरून त्यांचा पाय मोडला होता. "विनायकराव, सवड झाली तर दर्शन द्या. आम्ही प्लास्टरमध्ये आहोत, पळून जाऊ शकत नाही." मग लाजेकाजेस्तव हॉटेलचं बुकिंग रद्द केलं. जे लखनौला गेले नाहीत त्यांना तिथलं काही सांगावं म्हणून लिहायला बसलो खरा, पण माझ्या हातून जे झालं ते गाळून लिहिता येईना.

कोहरा

आपल्याकडचं धुकं डोंगरावरून उतरतं आणि नऊच्या उन्हात विरून जातं. लखनौचा कोहरा जमिनीतून वर आल्यासारखा वाटतो आणि दुपारी दोनलाही दारात उभा असतो. विमान चार तास उशिरा पोचलं. मी बॅग घेऊन थेट कारखान्यात गेलो, तिथलं पहिल्या दिवसाचं काम उरकलं आणि चारच्या सुमाराला आलमबागहून मेट्रो धरली. विश्वविद्यालयाच्या स्टेशनावर उतर, तिथून जानकीपुरमला ई-रिक्षा मिळते, असं ताईने सांगितलं होतं.

शेजारी माकडटोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ होते. कुठे जायचंय, कुठून आलात, अशी विचारपूस झाली. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. गाडी जमिनीखालून वर आली, गोमतीवरून गेली, हे मला खिडकीतला काळोख पांढरा झाल्यावर कळलं, तेही अर्धवट. फोन ठेवला तेव्हा डबा जवळजवळ रिकामा होता.

"भाई साहब, आपका स्टेशन तो कब का निकल गया," ते गृहस्थ म्हणाले.

"अरे! मग सांगायचं ना. मतलब, बता देते."

"आप इतनी ज़रूरी बात कर रहे थे. टोकना अच्छा नहीं लगा."

महाराष्ट्रात कुणीतरी खांद्यावर थाप मारून, "ओ दादा, उतरायचं नाही का?" असं ओरडलं असतं. इथल्या अदबीने मला शेवटच्या स्टेशनापर्यंत नेऊन सोडलं. तिथून ई-रिक्षा केली. रस्त्याच्या कडेला जागोजागी लाकडं पेटवून माणसं हात शेकत बसली होती. ई-रिक्षावाला दर चौकात मान बाहेर काढून बघायचा आणि पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसला की त्याच्यामागे चालू लागायचा.

ताईने दार उघडलं आणि आधी माझ्या मानेकडे पाहिलं. मी वाकून नमस्कार करतोय तर तिने शर्टाची कॉलर बाजूला केली, बोटाने चाचपलं, आणि मगच पाठीवर हात ठेवला.

"मफलर नाही आणलास?"

"आहे बॅगेत."

"बॅगेला थंडी वाजते का?" आतून भाऊजी ओरडले. "आइए, तशरीफ़ रखिए. मी उठू शकत नाही, गुस्ताख़ी माफ़."

भाऊजी मूळचे नागपूरचे. औषधांवर संशोधन करणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेत त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्यांनी जानकीपुरममध्येच छोटं घर बांधलं. त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द हिंदी असतो आणि दर पाचवं वाक्य कुणाची तरी फिरकी. ताई मात्र चाळीस वर्षं इथं राहूनही मिरजेचंच मराठी बोलते. भाजीवाल्याशी बोलताना तेवढी "भैया, मटर ताज़ा है ना" म्हणते.

जेवायला निमोना होता. ताज्या मटारचं वाटण करून त्याची ही आमटी करतात. वर तूप, सोबत पोळी आणि मुळ्याचे काप. हिवाळ्यात इथं घरोघरी होते. वासानेच मला भूक लागली. पण ताईने माझ्यासमोर वाडगा ठेवला. मुगाची मऊ खिचडी, बिनतिखटाची.

"मला का हे?"

"गिळायला त्रास नको," ती हळूच म्हणाली.

भाऊजींनी मान वर केली. "का? याला काय झालंय?"

"प्रवासाचं पोट," ताई चटकन म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

मला तरीही काही आठवलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. हात धुवायला उठलो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देवघर होतं. आमच्या आईचं. आई गेल्यावर ते ताईकडे आलं, कारण मी म्हणालो होतो की आमच्या फ्लॅटमध्ये जागा नाही आणि पूजेला वेळ नाही. आत एकही देव नव्हता. खाली पाटावर मोठं तांब्याचं पातेलं होतं. त्यात गळ्याइतकं पाणी, वर एक झेंडूचं फूल तरंगत होतं, आणि तळाशी बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती आणि खंडोबाचा चांदीचा टाक, सगळे पाण्याखाली निजलेले.

तेव्हा आठवलं.

सप्टेंबरात काय झालं होतं

गणपतीच्या दिवसांत माझ्या मानेत गाठ आली होती. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. बायको-मुलांना मी सांगितलं नाही. ऑफिसात कुणाला कळू दिलं नाही. गाडी पार्किंगमध्ये लावून, काचा वर करून ताईला फोन केला आणि पन्नाशी ओलांडलेला माणूस लहान मुलासारखा रडलो. ती म्हणाली, "मी देव पाण्यात ठेवते. तुझा रिपोर्ट चांगला आला की मला सांग, मग बाहेर काढते."

आमच्या आईचीही ही रीत होती. घरावर मोठं संकट आलं की ती देवांना पाण्यात ठेवायची. संकट टळल्याशिवाय ते बाहेर येत नसत. रोज सकाळी पाणी बदलायचं, फूल वाहायचं, आणि देव पाण्यात असताना घर सोडून परगावी जायचं नाही. मी ताईला वर आणखी बजावलं होतं, "कुणाला बोलू नकोस, भाऊजींनाही नाही. आणि तू फोन करू नकोस, मेसेजही नको, माझा मोबाइल घरात कुणीही उचलतं. मीच कळवीन."

अकराव्या दिवशी रिपोर्ट आला. साधी गाठ होती, काही नव्हतं. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर हात जोडले, आता रोज दहा मिनिटं देवापुढे बसायचं असं ठरवलं, आणि तेवढ्यात ग्राहकाचा फोन आला. तो घेतला. संध्याकाळी ताईला फोन करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी अहमदाबादला जायचं होतं. दहा मिनिटं बसणं तर एकदाही झालं नाही. आठवड्याभरात गाठ, दवाखाना, पार्किंग, सगळं मागे पडलं, आणि त्याबरोबर ताईही.

भाऊबीजेला सगळ्यांनी मिळून तिला फोन केला होता, स्पीकर चालू ठेवून. तिने विचारलं, "बरा आहेस ना रे?" मी म्हटलं, "चाललंय." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हं, समजलं." मला ते थांबणं आज ऐकू येतं. घरच्यांसमोर मला बोलता येत नाही, उपचार चालू आहेत, असं तिने धरलं होतं.

हे सगळं पातेल्यासमोर उभं राहून एकदम अंगावर आलं. मागून ताई आली. भाऊजींनी बाहेर बातम्या लावल्या होत्या, त्या आवाजाच्या आडोशाने तिने विचारलं, "काय म्हणतात डॉक्टर?"

"चांगलं आहे ताई. काही नाही निघालं."

तिने भिंतीला हात लावला. "कधी कळलं?"

चार महिने झाले, हे म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज निघाला तो असा: "परवा. म्हटलं, येऊनच सांगू."

ती रडली नाही. तिने पदराने माझंच तोंड पुसलं. "परवा सकाळी काढते देव बाहेर. संक्रांत आहे. चांगला दिवस आहे." मग तिने खिचडीचा वाडगा उचलला आणि मला निमोना वाढला. मी तो खाल्ला. उत्तम झाला होता, हे लिहितानाही मला शरम वाटते.

प्लास्टरमधले भाऊजी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो, तर ताई पातेल्यातलं पाणी बदलत होती. नळाचं पाणी इतकं गार की मी चूळ भरताना ओरडलो होतो. ती एकेक देव तळहातावर घेऊन पाणी ओतून देत होती आणि पुटपुटत होती. मग दूध आलं, मग कामवाली आली, मग भाऊजींना स्पंज, नाश्ता, गोळ्या. दुपारी कॉलनीतली मुलं गणित शिकायला येतात. या सगळ्यात तिचे ओठ हलत असायचे.

मटार सोलायला बसली तेव्हा मी विचारलं, "तुला या सगळ्यातून वेळ कसा मिळतो गं नामस्मरणाला?"

"वेळ कशाला लागतो? मटार हाताने सोलायचे असतात. तोंड रिकामंच असतं."

माझ्या मोबाइलवर आरतीची रिंगटोन आहे. गाडीत डॅशबोर्डवर गणपती आहे. देवळावरून गाडी गेली की मी स्टिअरिंगवरचा एक हात छातीला लावतो. एवढ्यावर मी स्वतःला श्रद्धाळू म्हणवून घेत आलो.

कारखान्यातून त्या दिवशी लवकर निघालो. ताई पुढच्या खोलीत मुलांना भागाकार शिकवत होती. भाऊजी मागच्या अंगणालगतच्या खोलीत रजई घेऊन, पाय स्टुलावर टाकून बसले होते. एक तासभर पिवळट ऊन पडलं होतं. त्यांनी पेरू कापून मीठ लावून मला दिला.

"एक विचारू?" ते म्हणाले. "ते पातेल्याचं प्रकरण तुला ठाऊक आहे का? चार महिने झाले. मी विचारलं तर म्हणते, आहे एक. अरे यार, चाळीस वर्षांत माझ्यापासून हिने साखरेचा डबासुद्धा लपवला नाही."

मी पेरू चावत राहिलो.

"मला देवाचं काही कळत नाही. मी कधी हात जोडले नाहीत, हिने कधी जोडायला लावले नाहीत. पण आमच्या मुक्ताचं बाळंतपण झालं डिसेंबरात. हैदराबादला. पहिलं. आईने यावं म्हणून पोरगी महिनाभर सांगत होती. मी म्हटलं, जा, मी मॅनेज करतो, तेव्हा माझा पाय धड होता. नाही म्हणाली. कारण सांगेना. मुक्ताला वाटलं, तिने आमच्या मनाविरुद्ध लग्न केलं त्याचा राग आईने धरलाय. आमच्या मनाविरुद्ध नव्हतंच रे ते, पण तिच्या डोक्यात बसलंय. सिझेरियन झालं. सासू नाही तिला. नर्स ठेवली होती."

"आणि आता?"

"आता क्या? आईचा फोन घेत नाही. माझा घेते. पातेल्याचं सांगितलं तर म्हणते, पापा, मम्मी को अपने भगवान मुबारक. नात झालीय, हिने अजून बघितली नाही. व्हिडिओवर मी बघतो, तेव्हा ही दारामागे उभी राहून ऐकते." त्यांनी चष्मा काढून रजईला पुसला. "तुझी बहीण रोज पहाटे त्या बर्फासारख्या पाण्यात हात घालते. बोटांना भेगा पडल्यात. बघितल्यास?"

मी नव्हत्या बघितल्या. त्या दिवशी संध्याकाळी बघितल्या. ती एक पत्र्याचा डबा उघडून दाखवत होती. आत हलव्याचे दागिने होते. बाजूबंद, मुकुट, इवल्या बांगड्या. लखनौच्या थंडीत हलव्याला काटा फार छान येतो, असं सांगत होती. बाळाची पहिली संक्रांत, बोरन्हाण घालायचं असतं, तेव्हा अंगावर हे दागिने घालतात. "मुक्ता काही करणार नाही म्हणा. पण मी केले. हाताला सवय असते." तिच्या बोटांच्या भेगांत साखरेचा पांढरा चुरा अडकला होता.

खिचडी

लखनौत संक्रांतीला संक्रांत म्हणत नाहीत, सणाचं नावच खिचडी. सकाळी शेजारच्या बाईंनी उडदाच्या डाळीची खिचडी, तिळाचे लाडू आणि मुळ्याचं लोणचं आणून दिलं आणि "दीदी, खिचड़ी की बधाई" म्हणाल्या. ताईने त्यांना तिळगूळ दिला. बाई हसून म्हणाल्या, "हाँ हाँ, मीठा बोलेंगे, याद है." इतक्या वर्षांत त्या दोघींचं हे पाठ झालेलं होतं.

ताई नऊवारी नेसली होती. पाट मांडला, समई लावली, पंचामृत केलं. भाऊजींनाही खुर्चीसकट आणून दाराशी बसवलं. ती पातेल्याजवळ बसली आणि मला म्हणाली, "ये, तुझ्या हाताने काढ. तुझ्यासाठी ठेवलेत."

मी बसलो. पाण्यात हात घातला. बाळकृष्ण बोटांना लागला आणि मला पुढे काही करता येईना.

"ताई, रिपोर्ट परवा नाही आला."

"म्हणजे?"

"सप्टेंबरातच आला. गणपतीनंतर लगेच. चांगला होता. मी तुला सांगायचं विसरलो."

भाऊजींना हा रिपोर्ट कसला तेही माहीत नव्हतं. मग सगळं सांगावं लागलं, गाठीपासून. बोलताना मी ताईकडे बघत नव्हतो. पाण्यात हात तसाच होता आणि तो बधिर झाला.

मग ताई म्हणाली, "म्हणजे अकरा दिवसांतच त्याने ऐकलं."

मला वाटलं ती चिडून म्हणते आहे. वर पाहिलं तर तिचा चेहरा खरंच उजळला होता. "मी उगीच शंका घेत होते रे. नोव्हेंबरात एकदा रडले देवापुढे. म्हटलं, ऐकत का नाहीस? आणि त्याचं केव्हाच झालेलं होतं."

तेवढंच. पुढच्याच क्षणी तिने बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, आणि मार्गशीर्षावर ती थांबली.

"मला जाता आलं असतं," ती म्हणाली.

भाऊजी दाराशी खुर्चीत हलले. "विनायकराव," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात फिरकी नव्हती. "एक फोन, यार. एक."

ताईने मला रागावावं म्हणून मी थांबून राहिलो. तिने माझा हात पाण्यातून बाहेर काढला, पदरात गुंडाळला आणि चोळला. "तू देवाला विसरलास असं मी नाही म्हणणार," ती म्हणाली. "तुला त्याचा भरवसाच नव्हता कधी. नुसती भीती होती. भीती गेली, की मग कुणाला कळवायचं राहिलंय हे कशाला आठवेल?" हे तिने भागाकार शिकवायच्या आवाजात सांगितलं. मग देव एकेक करून तिनेच बाहेर काढले. टाक काळा पडला होता. अन्नपूर्णेच्या पळीवर हिरवट थर होता. ती चिंचेने घासत बसली. मी शेजारी बसून राहिलो. मला देवाकडे काय मागावं ते कळेना, आणि माफी मागायची तर ती आधी कुणाची, तेही कळेना.

निशातगंज

दुपारी निशातगंजच्या बाजारात गेलो. ताईने काही आणायला सांगितलं नव्हतं. मलाच घरात बसवेना. ऊन नव्हतं. दुकानांत दिवे लागलेले, तिळाच्या गजकाचे ढीग, लोकरीच्या टोप्या, ई-रिक्षांचे भोंगे. एका हातगाडीवर मक्खन मलाई होती, केशराच्या रंगाचा दुधाचा फेस. हिवाळ्यातच मिळते, दव लागतं म्हणे त्याला. विकणारा म्हणाला, "बाबूजी, जल्दी खा लीजिए, बैठ जाएगी." एक द्रोण घेतला. जिभेवर ठेवला की नाहीसा होतो. आपल्याकडे श्रीखंड खाल्लं की दोन तास डोळे मिटतात. हे खाऊन काही खाल्ल्यासारखंच वाटत नाही.

द्रोण हातात धरूनच मुक्ताला फोन लावला. तिने उचलला.

"हाँ मामा, नमस्ते. कैसे हैं?"

मुक्ताला मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत. मी म्हटलं, "मुक्ता, मला एक सांगायचंय. तुझी आई आली नाही, त्याचं कारण मी आहे."

"क्या? आवाज़ नहीं आ रही, मामा."

मी गल्लीत सरकलो. तिथे एका लग्नाच्या बँडवाल्यांची तालीम चालली होती. पुन्हा रस्त्यावर आलो. शेवटी भर बाजारात, हातगाड्यांच्या मधोमध उभा राहून मला ओरडून सांगावं लागलं: "मी विसरलो! तिने माझ्यासाठी देव पाण्यात ठेवले होते! मी बरा झाल्याचं सांगायला विसरलो! मीच तिला कुणाला सांगू नको म्हटलं होतं!"

मक्खन मलाईवाला माझ्याकडे बघत राहिला. मराठी त्याला कळलं नसेल, पण माणूस काय करतो आहे ते कळलं असावं. त्याने हातगाडीमागचं स्टूल पुढे ढकललं. मी बसलो नाही.

मी फोन कानाशी घट्ट धरला. मागे बाळाचा आवाज आला.

"मामा, जब मुझे ओ.टी. में ले जा रहे थे ना," मुक्ता म्हणाली, "मैं गेट की तरफ़ देख रही थी. मुझे लगा मम्मी आख़िरी टाइम पे आ जाएँगी. सरप्राइज़ देंगी."

"मुक्ता, तिचा काही दोष..."

"आपको बस एक फ़ोन करना था."

"हो."

"ठीक है. बच्ची रो रही है." तिने फोन ठेवला.

हातातला फेस खरंच बसला होता. द्रोणाच्या तळाशी चमचाभर पिवळं दूध उरलं होतं.

आठ दिवस

घरी जाऊन मी ताईला मुक्ताशी बोलल्याचं सांगितलं आणि म्हटलं, बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं, तू जा. ती म्हणाली, "बोलावलंय का तिने?" मी म्हटलं, नाही. "मग? आणि यांच्याकडे कोण बघणार? आत्ता कुठे देव बाहेर आलेत, पूजा कोण करणार?"

"मी करीन. दोन्ही."

भाऊजी म्हणाले, "बाप रे. माझा दुसरा पाय मोडेल." पण त्यांनीच मग मोबाइलवर तिकीट शोधायला घेतलं.

ऑफिसला फोन केला. साहेबांनी विचारलं, "आठ दिवस? तिकडे नक्की काय इमर्जन्सी आहे?" मी सांगितलं, बहिणीच्या घरी पूजा आहे. त्यांना वाटलं मी थट्टा करतो आहे. नंतर परतल्यावर मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही. ते मोठं नव्हतं.

ताई निघाली तेव्हा कोहरा होता. हलव्याचा डबा तिने सामानात दिला नाही, मांडीवर घेतला. टॅक्सीत बसताना तिने मला कागद दिला. पूजेचा क्रम नव्हता त्यात. भाऊजींच्या गोळ्यांच्या वेळा होत्या, आणि खाली एकच ओळ: बाळकृष्णाला गार पाणी नको, कोमट कर.

मग मी घरात आलो. पहिल्या दिवशी समई विझली, दुसऱ्यांदा लावली, काडीने बोट भाजलं. मंत्र येत नव्हते. मधेच मोबाइल थरथरायचा आणि मन तिकडे धावायचं. मी तो दुसऱ्या खोलीत ठेवून आलो, तर कान तिकडे लागले. दहा मिनिटं एका जागी बसणं इतकं जड असतं, हे मला या वयात कळलं. पूजा झाल्यावर काही शांत वगैरे वाटलं नाही. पाठ दुखली. पण कोमट पाण्याचा तांब्या हातात होता तोवर मी घाईत नव्हतो, एवढं म्हणता येईल.

भाऊजींना डाळ करून घातली. त्यांनी एक घास खाल्ला. "नमक?" "घातलंय." "किसमें?" पुढे त्यांनी ती सगळी खाल्ली.

त्या पहिल्याच दिवशी ताईचं विमान सकाळी पोहोचणार होतं, कोहऱ्यामुळे दुपार झाली. मी दर अर्ध्या तासाने विमानाची वेळ बघत होतो. मुक्ताने दार उघडलं नाही तर, हाच विचार डोक्यात होता. तीन वाजता फोन वाजला. मी लावलेली रिंगटोन मलाच नकोशी वाटली.

"पोचले रे. दारातूनच करतेय, अजून चप्पल काढली नाही. तू वाट बघत असशील म्हणून आधी तुला केला."

मागे बाळ रडत होतं.

"मुक्ता?" मी विचारलं.

"आहे. आत गेली. काही बोलली नाही. पण दार उघडं ठेवून गेलीय." मग ती घाईने म्हणाली, "बाळ रडतंय. ठेवते आता. तुम्ही दोघं जेवलात ना?"

फोन बंद झाला. भाऊजी आतून ओरडले, "किसका था? तिचा होता का? काय म्हणाली?"

मी उठून त्यांच्या खोलीत गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं, जसंच्या तसं, लगेच.